होळी ते अक्षय तृतीया: पुण्यात आणि पुण्याभोवती काय ऐकाल, काय पाहाल?

वेळूबन
मंडळी, डिसेंबर-जानेवारीत पुण्यात कुठं जायचं हा प्रश्नच पडत नाही. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, त्यामागोमाग वसंतोत्सव, चित्रपट महोत्सव, नुसती धावपळ असते. होळी झाली की मात्र वर्तमानपत्रातलं 'आज पुण्यात' सदर उघडायचं आणि मिटायचं.

विचारण्याचं कारण माझे वडील. वय ७६. सगळा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला आणि रात्री गाण्यात. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. कानाला मशीन आहे. मोठ्या मांडवात नेलं तर त्या मशीनमध्ये सगळे स्वर एकात एक मिसळतात आणि ते अर्ध्या तासात 'चल घरी' म्हणतात. परवा पळस फुललेला दिसला तेव्हा एवढंच म्हणाले, "वसंत ऐकून किती वर्षं झाली रे. पहाटेचा, समोर बसून." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा की फाल्गुन-चैत्र-वैशाखात पुण्यात किंवा तास-दोन तासांच्या अंतरावर असं काय असतं, जिथं ७६ वर्षांचे आजोबा आणि १० वर्षांची नात दोघांना घेऊन जाता येईल? तिकीट असो-नसो, काही हरकत नाही. स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगावं.

तिहाई
पहाटेचा वसंत आता दुर्मीळच झालाय. शास्त्रानं वसंत हा राग रात्रीच्या उत्तर प्रहरातला, म्हणजे पहाटेआधीचा. कोमल ऋषभ, कोमल धैवत, वर तीव्र मध्यम आणि झेप थेट तार षड्जाकडे. तो तार षड्ज लागला की बाहेर अजून अंधार आणि आत उजेड, असं होतं. एक सवलत मात्र परंपरेनंच दिली आहे. वसंत ऋतूत वसंत, बहार आणि हिंडोल कोणत्याही वेळी गायले तरी चालतात. त्यामुळे संध्याकाळच्या बैठकीतही मिळेल.

बाबांसाठी एक सुचवतो. नुसता वसंत शोधू नका, बहारही शोधा. दोन्ही वसंत ऋतूचेच, पण स्वभाव निराळे. बहार काफी थाटाचा, कोमल गंधार, मध्यमावरून धैवतावर अशी उडी घेतो की हसू येतं. तुमच्या मुलीला बहार आधी कळेल. वसंत कळायला थोडं सोसलेलं असावं लागतं.

निळासावळा
थोडा विरोधी सूर लावतो. पुण्यात उन्हाळ्यात काही होत नाही याला कारणं आहेत. मांडवात दुपारचं ऊन भरलेलं असतं, परीक्षा चालू असतात आणि बरेच कलाकार एप्रिल-मेमध्ये परदेश दौऱ्यावर जातात. आयोजकांनी हिवाळ्यात सगळं दाटीवाटीनं बसवलं ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर घरी चांगले स्पीकर घ्या आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवा.

पेठकर
@निळासावळा, नाही पटलं. तिकीटखिडकीवर काही दिसत नाही म्हणून काही होत नाही, असं कसं? आमच्याकडचा वसंत तिथीनं येतो, तारखेनं नाही. म्हणून तो 'आज पुण्यात'मध्ये सापडत नाही.

वेळूबन, पाडवा ते रामनवमी तुळशीबागेतल्या राम मंदिरात जा. नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत बांधलेलं हे मंदिर. बाहेर भांडी आणि टिकल्यांचा बाजार, आणि एका दारातून आत शिरलं की लाकडी सभामंडप. तिथं चैत्री नवरात्रात कीर्तन असतं. नारदीय पद्धतीचं, म्हणजे आधी पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण, मग बुक्का आणि हार, मग उत्तररंगात आख्यान. बाबांना पुढं, पेटीवाल्याच्या बाजूला बसवा. बुवांचा मूळ आवाज तिथंच मिळतो, कर्ण्यातून आलेला नाही. चांगला कीर्तनकार एका तासात चार-पाच राग सहज फिरवून आणतो, आणि नातीला गोष्ट मिळते.

रामनवमीला भर दुपारी बारा वाजता जन्म असतो. त्या दिवशी गर्दी फार, मुलीला खांद्यावर घ्यावं लागेल. आधीचे आठ दिवस निवांत.

सायली_कोथरूड
वाचनखूण साठवली आहे. सासूबाईंना दाखवते.

उंबरठा
कीर्तनाला +१. त्यात भर, वासंतिक उटीची भजनं. पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत पंढरपुरात विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात, ही त्याच चालीची गोष्ट. पेठांमधल्या आणि आळंदी-देहूच्या वाटेवरच्या लहान देवळांत चैत्र-वैशाखात एखाद्या संध्याकाळी उटीचं भजन असतं. जाहिरात नसते, देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. मृदंगाला पीठ लावताना माझा मुलगा तासभर बघत बसला होता. त्याला वाटलं, पोळी करतायत.

मीनाकाठ
मी जुन्नर तालुक्यातला, त्यामुळे माझं उत्तर निराळं. वसंतात आमच्याकडे बघायची गोष्ट म्हणजे नारायणगाव.

पुणे-नाशिक रस्त्यावर, पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशा फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी, कलावंतांचे फोटो. आत सतरंजी, पाण्याचा माठ आणि तिथीवार आखलेली वही घेतलेला मॅनेजर. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीपमधून येतात, पाच-सहा राहुट्या फिरतात, चहा पितात आणि मग कुणीतरी मुद्द्यावर येतं, "वद्य अष्टमीला मोकळे आहात का?" मॅनेजर वही उघडायच्या आधीच मान हलवतो, पण वही उघडतो. घासाघीस सुरू होते. ठरलं की इसार म्हणून आगाऊ पैसे, नारळ, आणि सुपारी, म्हणजे खेळाचा करार, झाली.

भाव कसा ठरतो ते कळलं की या सगळ्याची गंमत येते. चैत्र पौर्णिमेला आणि वद्य अष्टमीला शेकडो गावांच्या यात्रा एकाच दिवशी. भैरवनाथाची अष्टमी, हनुमानाची पौर्णिमा. फड मात्र एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो. त्यामुळे त्या तिथीची सुपारी चढते आणि मधल्या कोरड्या दिवसांची उतरते. एवढ्या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर फडाचं वर्ष निघतं. पावसाळ्यात फड बंद. तेव्हा कलावंतांना दिलेली उचल, गाड्यांचे हप्ते, सगळं पुढच्या चैत्राच्या भरवशावर असतं.

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. १९५७ आणि १९९० असे दोन वेळा त्यांना राष्ट्रपतींचे सन्मान मिळाले, आणि २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. आज राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं देतं. आमच्या आजीनं त्यांना उभ्या उभ्या पाहिलं होतं. म्हणायची, विठा बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, आली की मागच्या बैलगाडीवरची माणसंसुद्धा खाली उतरायची.

पुण्यातली गाणारी माणसं पंचाहत्तर किलोमीटरवरची ही गोष्ट बघायला येत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मोगरा
मीनाकाठ, फार सुंदर लिहिलंत. पण प्रश्न १० वर्षांच्या मुलीला नेण्याचा आहे. मी दोन वर्षांपूर्वी एका यात्रेत तमाशा पाहिला. निम्मा वेळ सिनेमातली गाणी, पुढच्या रांगेत शिट्ट्या, आणि एकाही कलावंतिणीकडे कुणी चेहऱ्याकडे बघत नव्हतं. मला तिथं बसवेना. लोककला म्हणून आपण डोळे झाकून गौरव करावा आणि तिथं राबणाऱ्या बायकांचं काय चाललंय ते बघू नये, हे मला जमत नाही.

मीनाकाठ
मोगराताई, तुमचं म्हणणं खोटं नाही. रात्रीच्या पहिल्या भागात रंगबाजी वाढली आहे आणि त्याला कारण समोर बसलेले आम्हीच. फडमालक सांगतात, गाणी नाही दिली तर कमिटी पुढच्या वर्षी सुपारी देत नाही.

पण दोन गोष्टी बघा. एक, लोक सगळ्यालाच तमाशा म्हणतात. संगीत बारी वेगळी, तिथं बायकांची लावणी आणि अदाकारी, पुण्यातलं आर्यभूषण थिएटर किंवा दौंडकडचं चौफुला त्यासाठी प्रसिद्ध. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटक. गवळणीतल्या मावशीचं आणि पेंद्याचं बोलणं लहान पोरं पोट धरून ऐकतात.

दुसरी गोष्ट कामाची. मुलीला रात्रीच्या खेळाला नेऊच नका, सकाळच्या हजेरीला न्या. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फड गावात पुन्हा उभा राहतो, त्याला हजेरी म्हणतात. नऊ-दहाला सुरू होते, ऊन चढलं की संपते. म्हातारी माणसं, बाया, पोरं सगळी असतात. उजेडात सगळे सगळ्यांना दिसत असल्यामुळे वागणंही बदलतं. दुपारी कुस्त्यांचा आखाडा.

मोगरा
हजेरी ही गोष्टच मला माहीत नव्हती. मनापासून आभार. माझ्यासारख्या इतरांसाठी हे धाग्याच्या सुरुवातीला यायला हवं.

फेज_दोन
नारायणगाव कशाला, हिंजवडीत या! खरंच सांगतोय. चैत्र पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड, म्हणजे नवसाचा लाकडी गाडा, निघतं, हिंजवडीहून वाकडला. मी तिथंच एका कंपनीत नोकरी करतो. पहिल्या वर्षी मला ट्रॅफिक जॅम का झालाय ते कळेना म्हणून गाडीतून उतरलो. समोर लाकडाचं अजस्र बगाड, वर गळकरी, म्हणजे बगाडावर चढवलेला मानकरी, खाली पैठण्या नेसलेल्या बायका, गुलालानं माखलेली पोरं आणि मागं काचेच्या इमारती. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक खिडकीतून बघत होते. त्यातला एक जण शेजारी येऊन म्हणाला, "मी आज सुट्टीवर आहे, तो गुलालवाला माझा चुलतभाऊ." सात वर्षं आम्ही शेजारी बसतो, मला पत्ता नव्हता.

निळासावळा
@फेज_दोन, हा प्रतिसाद आवडला. माझं मत अर्धं मागं घेतो. गाण्यापुरतं मात्र ठाम आहे.

कलमदान
गाण्याचं ठाम मत असेल तर त्यामागचा कायदाही बघू. रात्रभराच्या मैफली उन्हामुळे गेल्या नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंही ही वेळ कायम ठेवली. राज्याला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री बारापर्यंत सूट देता येते, आणि त्यातले बहुतेक गणपती-नवरात्रात संपतात.

याचा परिणाम असा की रात्रीच्या उत्तर प्रहराचे राग मोठ्या मांडवातून निघूनच गेले. 'पाडवा पहाट' सहाला सुरू होते, म्हणजे तोवर वसंताची वेळ उलटलेली असते. तमाशाचंही तेच. पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगायचा, आता दहाच्या भीतीनं तो कापला जातो. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, माझ्याच घराशेजारी मंगल कार्यालय आहे. पण यात बंदिस्त सभागृहांना आतल्या आत वाजवायला मोकळीक आहे, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय गायचं असेल तर घरातल्या बैठकीला हा नियम आडवा येत नाही.

तिहाई
कलमदान, इथं नेमकं बोट ठेवलंत. आणि वेळूबनच्या बाबांना हवं आहे तेच हे, बिन-माईकची बैठक. कानाच्या मशीनमधून स्पीकरचा आवाज म्हणजे यंत्राचं यंत्रानं ऐकणं. तानपुऱ्यापासून सहा फुटांवर बसलं की निम्मा प्रश्न सुटतो.

अंगणवेल
मुलीसाठी एक आठवलं. चैत्रांगण! चैत्रगौर बसते त्या महिन्यात अंगणात काढायची रांगोळी. सूर्य-चंद्र, शंख, गदा, कासव, साप, तुळशीवृंदावन, गोपद्मं, झोपाळ्यात बसलेली गौर, सगळं छोट्या छोट्या चिन्हांत. माझी आजी ती गेरूनं सारवलेल्या चौकोनात काढायची, आणि साप काढताना ओळ मध्ये तुटू द्यायची नाही. "उचललास हात की साप मेला," म्हणायची. हल्ली फ्लॅटच्या दारात फूटभर जागा असते, तेवढ्यातही बसतं. हळदीकुंकवाला बोलावणं असेल तर मुलीला घेऊन जा. आंब्याची डाळ, पन्हं आणि वर हे बघायला.

पेठकर
आणि वसंत व्याख्यानमाला कुणीच कशी आणली नाही? १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. एप्रिलच्या उत्तरार्धापासून महिनाभर, टिळक स्मारक मंदिरात, रोज संध्याकाळी एक वक्ता. नावातच वसंत आहे! दीडशे वर्षं एका गावानं उन्हाळ्याच्या संध्याकाळी बसून ऐकण्याचा परिपाठ ठेवला, आमच्यासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे. छापखान्यातल्या माणसाला तर आवडेलच.

शेवटची_रांग
व्याख्यानमाला माझ्या बापाची शाळा होती. सातवीनंतर शिक्षण सुटलं, गिरणीत लागले. मे महिन्यात पाळी संपली की टिळक रोडला. इतिहास, शेती, अर्थसंकल्प, जे असेल ते. घरी येऊन जेवताना आम्हाला अर्धं भाषण परत व्हायचं. त्यांच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, प्रत्येक पानावर वर तारीख आणि वक्त्याचं नाव, खाली पेन्सिलीनं चार ओळी. आता गर्दी कमी असते हे खरं. तरुण माणसं दिसत नाहीत. मी मात्र दरवर्षी चार-पाच दिवस तरी जातो.

नांदी
सुट्टीतल्या बालनाट्यांचं विसरू नका. एप्रिल-मेमध्ये भरत नाट्य मंदिर, बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण अशी सगळीकडे लागतात. शिबिरात शिकलेल्या मुलांचे प्रयोग तर फारच गोड असतात. एका प्रयोगात झाड झालेला मुलगा आईला बघून हात हलवायला लागला, आणि सगळं जंगल हात हलवायला लागलं.

वेळूबन
खूप दिवसांनी येतोय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. त्यांनी कागद मागून घेतला आणि यादी केली, त्यांच्या त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात.

तुळशीबागेत तीन दिवस गेलो. पेठकर, तुम्ही सांगितलेली जागा अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी बुवांनी आख्यानात एक पद घेतलं. मला काही कळलं नाही, पण बाबा मांडीवर बोटं मोजत होते ती थांबली. बाहेर आल्यावर म्हणाले, "बहार होता. दोन ओळींपुरता आला आणि गेला." मुलीला सीतास्वयंवर इतकं आवडलं की घरी आल्यावर तिनं झाडूचं धनुष्य केलं.

मग हजेरी. मीनाकाठ यांनी व्यक्तिगत निरोपातून गाव आणि दिवस कळवला, त्यांच्या घरी जेवायलाही घातलं. त्यांचं ऋण कसं फेडायचं कळत नाही. शाळेच्या मैदानात बोर्ड, वर निळं ताडपत्र, समोर पोती अंथरलेली. हलगी सुरू झाली आणि बाबांनी कानाचं मशीन काढून खिशात ठेवलं. मला वाटलं संपलं, आता उठतील. तर ते सरकत सरकत बोर्डाच्या कडेला गेले आणि तिथल्या फळीवर तळहात टेकवून बसले. तासभर तसेच. नंतर मला म्हणाले, "ढोलकी अशी ऐकू येते. मशीनमधून चार दिवसांची शिळी येते." छापखान्यातही ते यंत्राच्या फळीवर हात ठेवून सांगायचे म्हणे, कुठला रूळ बिघडलाय ते.

वग संपल्यावर ढोलकीवाला खाली आला. त्यानं बाबांना तसं बसलेलं पाहिलं होतं. काही न बोलता ढोलकी त्यांच्या मांडीवर ठेवली. मोगराताई, मुलगी गवळणीतल्या मावशीला जाऊन भेटली. मावशी म्हणजे एक पन्नाशीचे गृहस्थ, लुगडं अजून अंगावर, हातात चहा. त्यांनी तिला विचारलं, "कितवीत?" ती म्हणाली, "पाचवीत." ते म्हणाले, "माझी नातपण पाचवीत."

वसंत मात्र अजून राहिलाय.

मोगरा
वाचून डोळे भरून आले. पुढच्या अष्टमीला मीसुद्धा येते, मला जागा सांगा.

निळासावळा
उरलेलं अर्धं मतही मागं घेतो.

तिहाई
वेळूबन, माझ्या गुरुजींकडे महिन्यातल्या एका रविवारी शिष्यांची बैठक असते. घरचीच. माईक नाही, वीस-पंचवीस माणसं, खाली सतरंजी. वैशाखातल्या बैठकीत माझी गुरुभगिनी वसंत मांडणार आहे. पहाटे साडेचारला. शेजाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, त्यातले दोघं स्वतःच येऊन बसतात. गुरुजींशी बोललो. ते म्हणाले, खिळे जुळवणाऱ्या गृहस्थांना तानपुऱ्याला टेकून बसू दे.

वेळूबन
बाबांना आत्ताच सांगितलं. त्यांनी विचारलं, तिसऱ्या मजल्यावर आहे का. हो असलं तरी चालेल, रात्री तीनलाच निघू, सावकाश चढू.

तिहाई
तळमजलाच आहे. दाराशी जाईचा वेल आहे, त्यावरून ओळखा. बेल वाजवू नका, दार नुसतं लोटलेलं असेल.